खाडीतल्या कोल्हिणीची कथा: दिवाळी अंकात कुठल्या पानावर?

खाजणवाट (ऐरोली)

नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी साडेतीन हजार शब्दांची कथा लिहायला घेतली आहे. नायिका कोल्हीण, जागा ऐरोली ते घणसोलीच्या मधली तिवरं आणि जुने बांध. प्राणी बोलत नाहीत, शेवटी बोध नाही. संपादकांचं म्हणणं, ही बालविभागात जाईल, नाहीतर पर्यावरणाच्या पानांवर लेख म्हणून. मला ती कथाविभागातच हवी आहे.

विचारायचंय ते असं. कोल्हिणीला काय कळतं आणि काय नाही, हे कथेत कुठवर न्यायचं? खाडीचे तपशील कुठे चुकतायत? आणि अशा कथेला मराठीत मागची परंपरा काय? कॅनडात वास्तववादी प्राणिकथा हा तिथल्या साहित्याचा स्वतःचा प्रकार मानतात असं वाचलं, तो युक्तिवाद इथे लागू पडेल का?

सुरुवातीचा उतारा देतोय, बेलाशक चिरफाड करा:

"पौर्णिमेची रात्र. बारा वाजले होते, खाडीला ओहोटी लागली होती. सोनी तिवरांतल्या बिळातून बाहेर आली. समोर रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे चांदण्यात चमकत होते. किती सुंदर आहे हे, तिला वाटलं. आणि माणसाने हेही हिरावून घेतलं तर? आत चार पिल्लं होती, डोळेही न उघडलेली. त्यांना वाढवणारं तिच्याशिवाय कोणी नव्हतं."


चिप्पी (घणसोली)

आधी उतारा. साहित्यातली जागा पुढची गोष्ट झाली, खाडी माहीत असलेला वाचक दुसऱ्याच वाक्याला थांबेल.

पौर्णिमेला रात्री बाराला ओहोटी कशी असेल? मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती पूर्ण होते तीच मुळी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. यात तासभर मागेपुढे धरायचं. शिवाय ठाणे खाडी आत निमुळती होत जाते, त्यामुळे ऐरोलीला पाणी कुलाब्यापेक्षा उशिरा चढतं. दोन भरत्यांमध्ये बारा तास पंचवीस मिनिटं, म्हणून वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. तुमच्या कथेत चार रात्री असतील तर चौथ्या रात्रीचं पाणी पहिल्या रात्रीच्या वेळेला येऊन चालणार नाही.

मध्यरात्री उघडा चिखल हवाच असेल तर अष्टमीच्या आगेमागे जा. पण तेव्हा भांगाचं पाणी, ते फार लांब हटत नाही. आणि शुद्ध अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीला त्या सुमारास उगवतो. पूर्ण चंद्र आणि लांबवर उघडा पडलेला चिखल ही जोडी सहा-सातच्या सुमारास मिळते, संध्याकाळी चंद्र उगवताना आणि पहाटे तो मुलुंडच्या बाजूला उतरत असताना. माझं मत विचाराल तर पहाटेचीच वेळ घ्या. रात्रभर उधाणाने अडवून ठेवलेली भुकेली कोल्हीण आणि वर उजाडायची घाई. कथेला लागणारा ताण पाणीच आणून देतं, तुम्हाला वेगळा रचावा लागत नाही.

बीळ तिवरांत नको. श्वसनमुळं वर आलेल्या त्या चिखलात उधाणाचं पाणी दर पंधरवड्याला शिरतं, पिल्लं पहिल्याच उधाणाला गेली असती. बीळ बांधाच्या उंच अंगाला, झुडपाखाली किंवा जुन्या मोरीत घ्या. मग कथेत पाणी बिळात शिरायला कारण लागेल: पावसाळ्यातलं साडेचार मीटरच्या वरचं उधाण आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस, म्हणजे नाल्याचं पाणी खाडीत उतरू शकत नाही. पण त्या महिन्यांत रोहित (फ्लेमिंगो) नसतात. ते पावसाळ्यानंतर येतात आणि पाऊस सुरू व्हायच्या सुमारास जातात. दोन्ही एकाच प्रसंगात आणू नका.

"तिच्याशिवाय कोणी नव्हतं" हे वाक्य काढाच. कोल्ह्यांत नर-मादीची जोडी टिकाऊ असते. नर बिळाशी खाणं आणतो, खाल्लेलं ओकून पिल्लांना भरवतो, कधी आधीच्या विणीतलं पोरही मदतीला राहतं. एकटी आई ही येऊरच्या बिबळ्याची गोष्ट, तिथे नराचा पिल्लांशी संबंध नसतो. तुम्ही नकळत बिबळ्याची कथा कोल्ह्याच्या कातडीत घातली आहे. एकटीच हवी असेल तर नर कसा गेला ते कथेत आलं पाहिजे, गाडीखाली किंवा पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने. आणि रेबीज घेतलात तर तो पुढच्या पानावर विसरता येत नाही, चावलेल्या प्रत्येक प्राण्याचा हिशेब द्यावा लागेल.

बाकी आकडे: गर्भ साधारण 63 दिवस, पिल्लांचे डोळे दहाएक दिवसांनी उघडतात, दूध आठ ते दहा आठवडे. प्रौढ कोल्हा आठ-दहा किलोचा. खाडीत खाणं म्हणजे खेकडे, चिंबोऱ्या, निवटे, मेलेले मासे, उंदीर, घुशी आणि वस्तीच्या कडेचा कचरा. कचरा गाळू नका, त्याच्याशिवाय हा प्राणी अर्धाच उतरेल.

एक सापळा सांगून ठेवतो. जुन्या पुस्तकांत सोनेरी कोल्ह्याच्या कुटुंबाचं जे सविस्तर वर्णन सापडतं, त्यातलं बरंच आफ्रिकेतल्या मैदानांवरच्या निरीक्षणांतून आलं आहे. तिथला तो प्राणी आपला कोल्हा नाही, वेगळ्या जातीचा लांडगा आहे, असं 2015 साली जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. म्हणून वर्तनाचा प्रत्येक तपशील घेताना निरीक्षण भारतातलं आहे का ते पाहा.

रंगांचं. श्वानकुळातल्या प्राण्यांच्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, निळा आणि पिवळा वेगळा कळतो, तांबडा-हिरवा नाही. रोहिताचा गुलाबी तिला गुलाबी दिसणार नाही. चांदण्यात तर तो तुम्हाआम्हालाही दिसत नाही. रोहित तिच्यापर्यंत पोचतात ते आवाजाने, रात्रीही खाताना त्यांचा कलकलाट चालू असतो, आणि वासाने. उतारा डोळ्यांनी लिहिला आहे, तो नाकाने आणि कानाने लिहावा लागेल.


जुनी पानं (नौपाडा)

चिप्पींनी पायाची दुरुस्ती केली आहेच, मी कॅनडाकडे वळतो.

तिथल्या वास्तववादी प्राणिकथेचे आरंभीचे दोन लेखक म्हणजे चार्ल्स जी. डी. रॉबर्ट्स आणि अर्नेस्ट थॉम्पसन सेटन, दोघांचाही जन्म 1860 चा. सेटनने न्यू मेक्सिकोतल्या एका लांडग्याच्या शिकारीची गोष्ट 1894 साली मासिकात छापली, 1898 च्या संग्रहात ती पहिली आली आणि त्या पुस्तकाने हा प्रकार घरोघर नेला. रॉबर्ट्सने 1902 च्या संग्रहाला प्रस्तावना म्हणून या प्रकाराची मांडणीच लिहिली. सांगाडा निसर्गविज्ञानाचा आणि आत प्राण्याच्या मनाचा शोध, असं तिचं सार. इसापाचे प्राणी माणसांची सोंगं घेतात, हे प्राणी स्वतःच्या पोटासाठी आणि पिल्लांसाठी जगतात आणि बहुतेक वेळा शेवटी मरतात. वन्य प्राण्याला म्हातारपणाचं शांत मरण नसतं, यावर सेटन ठाम होता.

राष्ट्रीय साहित्याचा मुद्दा ठळक झाला तो 1972 साली, कॅनडाची लेखिका मार्गारेट ॲटवुडने तिथल्या साहित्यावर लिहिलेल्या पुस्तकात. तिची विभागणी ढोबळ आहे पण उपयोगी: इंग्रजांच्या प्राणिकथांत प्राणी म्हणजे कपडे घातलेली माणसं आणि त्यांचे सामाजिक संबंध, अमेरिकनांच्या कथेत प्राणी म्हणजे शिकार, कॅनडाच्या कथेत गोष्ट मारल्या जाणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली. टिकून राहण्याची धडपड हाच त्या देशाच्या साहित्याचा गाभा, असं तिचं म्हणणं, आणि प्राणिकथा त्यात नेमकी बसते. हा युक्तिवाद जसाच्या तसा उचलू नका. आपल्याकडे रान हे रिकामं, परकं, थंडीने मारणारं कधीच नव्हतं. ते चराईचं, लाकूडफाट्याचं, देवराईचं रान आहे. तुमच्या खाडीतही मासेमारी चालते, बांध माणसाने घातलेले, कचरा माणसाचा. मराठी प्राणिकथेला वेगळेपण यायचंच असेल तर ते या शेजारातून येईल.

त्या इतिहासातली खरी शिकवणी पुढे आहे. मार्च 1903 मध्ये अमेरिकन निसर्गलेखक जॉन बरोज याने या कथांवर कडाडून टीका केली: खोटं निसर्गविज्ञान खरं म्हणून विकलं जातंय. वाद चार वर्षं धुमसला, 1907 साली खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्यात उतरले. विल्यम लाँग या लेखकाने मोडलेल्या पायाला चिखलाचा लेप लावून तो बांधणारा पक्षी पाहिल्याचं लिहिलं होतं, तो तर टीकेचं मुख्य लक्ष्यच झाला. सेटन अडचणीत आला त्याचं कारण मात्र वेगळं होतं. त्याने सुरुवातीलाच या कथा खऱ्या आहेत असं छापलं होतं, आणि वेगवेगळ्या प्राण्यांचे प्रसंग एकाच प्राण्याच्या नावावर जोडल्याचंही त्याने स्वतःच मान्य केलं होतं. दोन्ही विधानं एकत्र नांदत नाहीत. पुढे त्याने सस्तन प्राण्यांवर 1909 साली दोन खंडांचा शास्त्रीय ग्रंथ काढला, आणि 1927 साली त्याला जे पदक मिळालं ते याच बरोजच्या नावाचं.

तेव्हा कथेवर "सत्यकथा" किंवा "सत्य घटनेवर आधारित" असं काही छापू देऊ नका, संपादकांनी सुचवलं तरी. कथा म्हणा. प्रसंग जोडायचं स्वातंत्र्य त्यातच आहे. जोडलेला प्रत्येक प्रसंग मात्र त्या जातीच्या कुठल्या तरी प्राण्याच्या बाबतीत घडू शकणारा हवा.

एक गोष्ट वाटेवरची, पण तुमच्या कामाची. सेटनच्या त्याच संग्रहात टोरांटो शहरातल्या एका कावळ्याची कथा आहे, आणि तिच्यात कावळ्याच्या वेगवेगळ्या हाका त्याने संगीताच्या स्वरलिपीत छापल्या आहेत. कुठली हाक धोक्याची, कुठली जमण्याची, हे वाचकाला शिकवून ठेवलं की पुढे पात्र बोललं नाही तरी संवाद होतो. कोल्हेकुईचं असंच करता येईल. जोडीने मिळून घातलेली साद वेगळी, धोक्याचं तुटक ओरडणं वेगळं. पहिल्या पानावर दोन्ही आवाज प्रसंगातून ओळखीचे करा, शेवटच्या पानावर फक्त आवाज द्या.


कोकीळ नव्हे कोकिळा (बेलापूर)

मराठीपुरतं बोलते.

संपादक कथा बालविभागात का ढकलतात, याचं मूळ आपल्या वाचनात आहे. पंचतंत्र, हितोपदेश, जातककथा आणि नंतर शाळेतला इसाप. प्राणी आला की तो काहीतरी शिकवायला आला, अशी सवय. महानुभावांच्या दृष्टांतपाठातला हत्ती आणि जन्मांध माणसांचा दृष्टांतसुद्धा हत्तीविषयी काही सांगत नाही. पण त्याच परंपरेतल्या लीळाचरित्रात पारध्यांच्या तावडीतून पळालेला ससा चक्रधरांच्या आसऱ्याला येतो, तो ससा मला नेहमी वेगळा वाटतो. तो कशाचं प्रतीक नाही. धावून दमलेला, घाबरलेला ससा आहे. मराठी गद्याच्या अगदी आरंभी असा खरा प्राणी आहे, हे संपादकांना सांगा.

आधुनिक काळातला तुमचा सगळ्यात भक्कम आधार म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची "सत्तांतर". नायक-नायिका वानरं, आणि या कादंबरीला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, मराठी साहित्याचा. बालसाहित्याचा नव्हे. टोळीचा ताबा बदलला की नवा नर आधीच्या नराची पिल्लं मारतो, ही वानरांच्या वर्तनातली गोष्ट. जपानी संशोधक सुगियामा यांनी साठच्या दशकात धारवाडजवळ ती नोंदवली आणि सारा हर्डी यांनी अबूच्या वानरांवरच्या 1977 च्या ग्रंथात तिचा अर्थ लावला. म्हणजे शास्त्रातही तो विषय ताजा आणि वादाचा असताना मराठी कादंबरी त्यावर उभी राहिली. नाव वाचून लोक त्यात माणसांचं राजकारण शोधतात. शोधू देत. पण वानरांची म्हणून ती पूर्ण आहे, हे तिचं बळ. आणि मारुती चितमपल्लींसारखा वनाधिकारी 2006 च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. साहित्याचं दार बंद आहे असं म्हणायला जागा नाही.

कपाटाचा प्रश्न मात्र खरा आहे. दशांश वर्गीकरण पाळणाऱ्या ग्रंथालयात मराठी कथा-कादंबरी 891.463 ला आणि प्राणी 590 ला. कथेचा आकडा ती कशाविषयी आहे त्यावरून नव्हे, प्रकारावरून ठरतो. तुमच्या अंकातही तसंच होणार, आणि ते तुमच्या हातात आहे. कथेसोबत "हे माहीत आहे का?" अशी चौकट दिलीत की ती लेख झाली. ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, ते सुमारे सतरा चौरस किलोमीटरचं आहे, 2022 साली खाडी पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, हे सगळं खरं आणि महत्त्वाचं, पण कोल्हिणीला त्यातलं काही माहीत नाही. कथेत ते एका ओळीनेही नको. तसंच "माणसाने हिरावून घेतलं तर?" हे वाक्य. तिला माणूस माहीत आहे तो वास, दिवा, काठी आणि उष्टं म्हणून. हिरावणं ही कल्पना तुमची. ती वाचकाच्या मनात उठली पाहिजे, तिच्या मनात नाही.

तिच्या मनात कुठवर जायचं, यासाठी एक चाळणी वापरा. मसुद्यातली तिची सगळी क्रियापदं कागदावर उतरवून काढा. हुंगणं, थांबणं, कान टवकारणं, दबणं, उचलणं, ओकणं ही राहतील. घाबरणं, ओळखणं, शोधणं, वाट पाहणं हीसुद्धा ठेवा, शरीरावर दिसतात. आठवणं फक्त जागेशी किंवा वासाशी बांधलेलं असेल तर: एकदा फास लागलेली वाट ती टाळेल. ठरवणं, पस्तावणं, सूड घेणं, सुंदर वाटणं ही गेली. साडेतीन हजार शब्दांत अशी दहाबारा तरी निघतील, आणि ती काढल्यावर जिथे खड्डा पडतो तिथे तुम्हाला प्राणी पुरेसा माहीत नाही असं समजायचं. तिथे निरीक्षण भरायचं, भावना नाही. उलट टोकालाही जाऊ नका. प्राण्याला भीतीच नसते असा कोरडेपणा तितकाच खोटा.

भाषेचा एक गोंधळ चित्रकारामुळे होतो. मराठीत कोल्हा म्हणजे पंचतंत्रातला शृगाल. इसापाच्या द्राक्षांखालचा प्राणी दुसराच, पण भाषांतरात तोही कोल्हाच झाला. आपल्याकडचं खोकड तिसरं, ते मोकळ्या माळावरचं. चित्रकाराला नुसतं "कोल्हा" सांगितलंत तर तो तांबडा, झुबकेदार पांढऱ्या टोकाच्या शेपटीचा परदेशी प्राणी काढेल. लिहून द्या: अंग राखट-पिवळट, पाय लांब, शेपटी आखूड आणि टोकाला काळी. माझं इथलं नावही अशाच एका चुकीची आठवण म्हणून घेतलं आहे. कुहू करतो तो काळा नर, ठिपक्यांची मादी नुसती किक् किक् ओरडते, आणि मराठी कवितेत शतकानुशतकं गातेय ती मादी.


खाजणवाट (ऐरोली)

तिघांचेही मनापासून आभार. वेळ पहाटेची घेतली, नर परत आणला, बीळ बांधात नेलं. "सोनी" हे नाव काढावं का? आणि हा नवा उतारा:

"उधाणाचं पाणी उतरायला लागलं तसा बांधाखालचा चिखल वासाला आला. कोल्हीण बिळाच्या तोंडाशी थांबली. वारा खाडीवरून येत होता. त्यात रोहितांच्या थव्याचा उग्र वास, आणि त्याखाली, अगदी पातळ, कुत्र्याचा. कान वस्तीकडे फिरले. मागे एक पिल्लू कुईं करून गप्प झालं. ती उतरली नाही. चंद्र पलीकडच्या इमारतींमागे गेला तेव्हा नर बांधावरून येताना दिसला, तोंडात चिंबोरी."


जुनी पानं (नौपाडा)

नाव काढा. नाव माणूस ठेवतो, आणि इथे नाव ठेवणारा माणूस कथेत नाही. सेटनच्या लांडग्याला नाव होतं कारण तिथले गुराखी त्याला त्या नावाने ओळखत होते. खाडीतल्या कोळ्यांनी ओळखीच्या कोल्हिणीला नाव दिलंय असं दाखवणार असाल तर ते फक्त त्यांच्या तोंडी येऊ द्या.


चिप्पी (घणसोली)

उतारा आता उभा राहिला. एकच अडतंय, वारा. ऐरोलीला खाडी पश्चिमेला, वस्ती पूर्वेला. वारा खाडीवरून येत असेल तर वस्तीकडच्या कुत्र्याचा वास तिच्यापर्यंत पोचणार नाही, उलट तिचा त्याला जाईल. शिवाय हिवाळ्यातल्या पहाटे वारा बहुतेक जमिनीकडून पाण्याकडे वाहतो, मतलई. तोच घ्या. मग कुत्रा वासाला येईल, रोहित वासातून जातील. ते ऐकू येऊ देत.


खाजणवाट (ऐरोली)

असं केलं: "वारा वस्तीकडून होता. खाडीवर रोहितांचा कलकलाट चालू होता, पण नाकात फक्त कुत्रा."